घुमटाबद्दल कॉलेजच्या अर्जात काय लिहायचं?

प्रश्न विचारणारा मुलगा गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला, बारावी सायन्सचा. सहावीपासून वाड्यावरच्या आरती पथकात घुमट, म्हणजे मातीच्या मडक्यावर कातडं ताणून केलेलं वाद्य, वाजवतो आणि त्याला पुढे फिजिक्स शिकायचं आहे. अमेरिकेतल्या चार कॉलेजांना, इंग्लंडमधल्या दोन विद्यापीठांना आणि आपल्याकडच्या एका खासगी विद्यापीठाला तो अर्ज करणार आहे, जेईई आहेच. घरच्यांनी गाठलेल्या एका सल्लागाराने त्याला सांगितलं, ‘वाद्य वाजवणारी मुलं पुष्कळ असतात. तू घुमट वाचवण्यासाठी एक संस्था काढ, इन्स्टाग्रामवर पेज उघड, मग पॅशन दिसेल.’ निबंधाचा मसुदा त्याने सोबत जोडलाय. पहिलं वाक्य असं: ‘लहानपणापासून संगीत हा माझा श्वास आहे.’ आणि त्याला विचारायचंय की ही आवड अजून ठळक कशी दाखवायची.

बाबा, तुझा मसुदा मी तीनदा वाचला. ठळकपणा त्यात उदंड आहे. ‘पॅशन’ पाच वेळा, ‘वारसा’ सहा वेळा आणि ‘आत्मा’ दोनदा येतो. घुमट हा शब्द मात्र दुसरा परिच्छेद संपता संपता पहिल्यांदा भेटतो आणि लगेच निघून जातो. सगळं वाचून झाल्यावर तुला घुमट खरोखर वाजवता येतं की नाही, हेच मला कळलं नाही. अडचण इथे आहे. तुझी आवड फिकी पडत नाहीये, ती त्या कागदावर आलेलीच नाही. तुझं नाव खोडून तिथे तुझ्या चुलतभावाचं नाव घातलं आणि घुमटाच्या जागी गिटार घातलं तरी मसुद्याला काही धक्का लागणार नाही.

मी फोंड्याच्याच पट्ट्यात बावीस वर्षं हायर सेकंडरीला फिजिक्स शिकवलं. गेली दहा-अकरा वर्षं मुलांचे असे अर्ज वाचते, आधी शाळेतल्या मुलांचे, मग त्यांच्या भावंडांचे, आता कुणाकुणाचे. त्यातून जे कळलं ते सांगते. पण आधी एक हिशेब.

आवड कुठे विचारतात आणि कुठे विचारतच नाहीत, हे पक्कं समजून घे. जेईई, नीट, सीयूईटी या प्रवेश परीक्षांच्या वाटांनी जाताना तुझ्या घुमटाला कुणी विचारणार नाही. तिथे गुणांवर रांग लागते. फर्मागुडीचं इंजिनिअरिंग कॉलेज काय, बांबोळीचं मेडिकल काय, निबंध नाहीच. त्यामुळे जानेवारीच्या जेईईचा अभ्यास बाजूला ठेवून निबंधाच्या पंधराव्या मसुद्याशी झटत बसणार असशील तर आधी तो बंद कर. असं करणारी मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांचे दोन्ही घाट चुकले आहेत.

अमेरिकेच्या कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक अर्जात, मुख्य निबंधाला जास्तीत जास्त ६५० शब्द मिळतात. तो निबंध माणसाबद्दल असतो, विषयाबद्दल असलाच पाहिजे असं नाही. इंग्लंडचं गणित वेगळं. तिथले अर्ज यूकास या संस्थेमार्फत जातात. यूकासचं निवेदन एकच आणि तेच तू निवडलेल्या सगळ्या विद्यापीठांकडे जातं. २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न झालेत: हा विषय का घ्यायचाय, आतापर्यंतच्या शिक्षणाने तुझी तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर तू आणखी काय केलंस व त्याचा उपयोग काय. तिन्ही मिळून ४,००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तराला किमान ३५० अक्षरं हवीतच. ते वाचणारा पुष्कळदा त्या विषयाचा माणूस असतो. तू वाड्याचा लाडका घुमटवाला आहेस याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही, घुमटामुळे तू फिजिक्सचा काही विचार केलास का एवढंच तो बघेल. म्हणून अमेरिकेसाठी लिहिलेला निबंध कापून यूकासमध्ये चिकटवू नकोस. आपल्याकडच्या खासगी विद्यापीठांत निबंधासोबत बहुधा मुलाखत असते आणि निबंधात लिहिलेलं प्रत्येक वाक्य तिथे समोर येऊ शकतं.

आणखी एक गोष्ट, जी सल्लागार सहसा सांगत नाहीत. परदेशी विद्यार्थ्याने अमेरिकेत आर्थिक मदत मागितली की बऱ्याच कॉलेजांत त्या मागणीचा निर्णयावर परिणाम होतो. निबंध कितीही चांगला झाला तरी हे गणित त्याच्या हातात नसतं. घरच्यांशी ते आताच बोलून घे, नाहीतर मार्चमध्ये नकार आला की सगळं खापर निबंधावर फुटतं.

आता मुद्द्याकडे. तुझ्या प्रश्नाच्या तळाशी, ताजा कलम म्हणून, तीन ओळी आहेत. बहुतेक संकोचून लिहिल्या असाव्यास. मागच्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, बकऱ्याच्या कातड्याने मढवलेलं नवं घुमट पहिल्याच रात्री चौथ्या घरात पोचेपर्यंत बसलं, त्याचा आवाज पडला. काका म्हणाले, ‘घोरपडीचं असतं तर बसलं नसतं.’ आणि तू आरतीला निघण्याआधी व त्या चौथ्या घरात, असं दोनदा फोनवर रेकॉर्डिंग करून घरी आल्यावर एका फुकट ॲपवर आलेख काढून बघितलास. पुढे लिहितोस, ‘पण हे अर्जात घालण्यासारखं नाही.’

अरे, घालण्यासारखं असेल तर एवढंच आहे!

का ते सांगते. चवथीच्या रात्री, पावसात, पाच-सहा घरं अजून बाकी असताना, घामेजलेल्या हाताने खिशातून फोन काढून बसलेल्या घुमटाचा आवाज टिपून ठेवावासा वाटणं ही गोष्ट कुणी शिकवत नाही. त्यासाठी कुणी गुण देत नाही, प्रमाणपत्र देत नाही. पथकातल्या बाकीच्या पोरांनी त्या वेळी पंचखाद्य खाल्लं असेल. हे वाचणाऱ्याला ‘मला आवड आहे’ असं वेगळं सांगावं लागत नाही.

पण तीन ओळींनी निबंध होत नाही. मी माझ्यासमोर बसलेल्या मुलाला जे प्रश्न विचारते ते तुला विचारते, बसून लिही. रेकॉर्डिंग करावंसं नेमकं कधी वाटलं, काका बोलले त्याआधी की नंतर? बसलं म्हणजे कानाला काय झालं? सूर खाली गेला, की तेवढाच राहून घुमारा गेला? आलेखात सगळ्यात उंच शेंडा कुठून कुठे सरकला? मग त्या रात्री घुमटाचं काय केलंत, चुलीच्या उबेला धरलंत, पंख्याखाली ठेवलंत की तसंच वाजवत नेलंत? डावा तळवा मागच्या तोंडावर झाक-उघड करताना नेहमीपेक्षा वेगळं काही करावं लागलं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आलेख बघून तुला जे वाटलं त्यातलं चुकीचं काय असू शकतं?

शेवटच्या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे माझ्यातली फिजिक्सची बाई जागी होते. कातडं ओलं झालं की सैल पडतं, ताण कमी होतो, वारंवारता उतरते. हे पुस्तकातलं उत्तर. पण ओलं कातडं जडही होतं, आणि जड पडदा हळू हलतो. मग सूर उतरला तो ताणामुळे किती आणि वजनामुळे किती? शिवाय पहिलं रेकॉर्डिंग तुझ्या घरच्या बंद खोलीतलं, दुसरं कुणाच्या तरी ओसरीवरचं, मागे शामेळ (काठ्यांनी वाजवायचं वाद्य) आणि कांसाळं (झांज) चालू. फोन पहिल्यांदा किती अंतरावर धरला होतास, दुसऱ्यांदा किती? मधे तीन घरं झाली होती, म्हणजे तासभर थापा खाऊन कातडं तसंही सैल पडलं असणार, पाऊस नसता तरी. या शंका तू स्वतः निबंधात मांडल्यास तर फिजिक्सचा प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकेल. ‘मी सिद्ध केलं की आर्द्रतेमुळे घुमटाचा सूर उतरतो’ असं लिहिलंस तर तो मागे रेलेल. तू काही सिद्ध केलेलं नाहीस. तू एक चांगली शंका काढलीस आणि ती तपासायची अर्धी वाट चाललास. अर्धीच चाललास हे लिहायला लाजू नकोस.

काकांचं वाक्य तर सोन्यासारखं आहे, पण ते जपून हाताळ. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ते कातडं वापरता येत नाही, आणि म्हणूनच बकऱ्याचं कातडं आलं. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं ते या बदलानंतरच. म्हणजे काकांचा दावा तुला पडताळून पाहताच येणार नाही, दुसरं घुमट मढवून शेजारी ठेवायची सोयच नाही. ते चुकले असंही म्हणता येत नाही आणि बरोबर होते असंही नाही. या पेचात बसून तू काय विचार केलास ते लिही. मुलं अशा ठिकाणी दोन चुका करतात. एक तर काकांना अडाणी ठरवतात आणि स्वतः विज्ञानाचा दिवा घेऊन उभी राहतात, नाहीतर ‘आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ या सुरात जातात. काकांनी चाळीस वर्षं कातड्यावर हात ठेवलाय. त्यांना कानाने जे कळतं ते तुझ्या ॲपला कळत नाही, आणि तुझ्या ॲपला जे दिसतं ते त्यांना बघायचं नसेल. दोघांना एका ओसरीवर राहू दे. कुणाला जिंकवू नकोस.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तबला-मृदंगावर काम केलंय हे तुला ठाऊक असेलच. १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचं आणि त्यांच्या सहकाऱ्याचं टिपण आलं, नंतर १९३४ मध्ये सविस्तर लेख. साध्या गोल पडद्याचे सूर एकमेकांच्या पटीत बसत नाहीत, दुसरा पहिल्याच्या साधारण १.५९ पट निघतो, म्हणून साध्या ढोलाला पक्का सूर लागत नाही. तबल्याची शाई, म्हणजे मधला काळा लेप, ते सूर पटीत आणते, हे त्यांनी दाखवलं. आता घुमटाला शाई नाही, पण मागे मडक्याचं उघडं तोंड आहे आणि आतली हवा आहे. तिथे काय होतं? हा प्रश्न तुझ्या यूकासच्या पहिल्या उत्तरात फार शोभेल. अट एकच, तो लेख आधी खरोखर वाच. इंग्रजी जुनं आहे, गणित थोडं जड जाईल, पण आकृत्या समजतात. नुसतं रामन यांचं नाव टाकून पुढे गेलास तर मुलाखतीत पहिला चेंडू तिथेच पडेल.

आता त्या संस्थेबद्दल. काढू नकोस. सल्लागाराचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही, ही कृती जुनी आहे इतकंच. अर्ज वाचणाऱ्या माणसाला बारावीच्या उन्हाळ्यात जन्मलेल्या संस्था ओळखू येतात. दहा पोस्ट, एक लोगो, अध्यक्ष तू, उपाध्यक्ष तुझी मावसबहीण. त्यापेक्षा तू आधीपासून जे करतोस ते अर्जात नीट मांडलेलंच नाहीस. कॉमन ॲपमध्ये उपक्रमांसाठी दहा जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. तू तिथे लिहिलंयस, ‘पारंपरिक वाद्यवादनातून संस्कृतीचं जतन व संवर्धन.’ जागा वाया गेली. तुझ्याच पत्रात होतं ते लिही: सहावीपासून पथकात, चवथीच्या दिवसांत रोज रात्री घरोघरी आरत्या, दोन वर्षांपासून वाड्यावरच्या सात लहान मुलांना रविवारी हात बसवून देतोस, तालुक्याच्या घुमट आरती स्पर्धेत पथकाला दुसरं बक्षीस. किती घरं, किती रात्री, किती मुलं. आकड्यांना जागा कमी लागते आणि ते खोटं बोलत नाहीत, निदान तू बोलायला लावलं नाहीस तर. बक्षीस सन्मानांच्या वेगळ्या रकान्यात टाक, निबंधात त्याला आणू नकोस.

वाजवण्याचं रेकॉर्डिंग पाठवावं का, असंही विचारलंस. काही कॉलेजं संगीताचं रेकॉर्डिंग वेगळं स्वीकारतात, काही स्पष्ट नको म्हणतात. प्रत्येकाच्या संकेतस्थळावर बघ, अंदाजाने पाठवू नकोस. घेत असतील तर चवथीच्या गलक्यातलं पाठव, स्टुडिओत जाऊन पैसे घालवू नकोस.

मी एक गोष्ट सांगते, मग लिहिण्याच्या पद्धतीकडे वळते. काही वर्षांपूर्वी सत्तरी तालुक्यातली एक मुलगी आली होती, वनस्पतिशास्त्र घ्यायचं होतं. तिचा मसुदा तुझ्यासारखाच, ‘निसर्ग ही माझी माता’ वगैरे. मी विचारलं, घरी गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी कोण बांधतं? तर हीच. सातवीत असताना आजीने तिला माटोळीला काय काय लागतं ते सांगितलं आणि हिने ते शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं: कवंडळ, कांगलां, घागऱ्यो, माट्टी, आंबाडे, तोरिंगां, सुपारीचा शिपटा, असोले नारळ. पुढे दरवर्षी त्यातलं काय मिळालं, कुठल्या डोंगरावर मिळालं आणि काय मिळालंच नाही, याच्या खुणा करत गेली. सहा चवथींच्या खुणा. एक वेल आधी घरामागे मिळायची, मग ओहोळापलीकडे, शेवटी म्हापशाच्या बाजारातून विकत आणावी लागली, कारण त्या उतारावर काजू लागले होते. ती वही तिने मला दाखवलीही नव्हती, मी विचारलं म्हणून पिशवीतून काढली. तिचा निबंध म्हणजे ती यादीच होती, वर्षागणिक. माता नाही, आत्मा नाही. चार कॉलेजांना अर्ज केला, तिघांनी नाही म्हटलं, एकाने घेतलं. ते निबंधामुळे घेतलं की गुणांमुळे की आणखी कशामुळे, हे मला आजही सांगता येणार नाही, आणि जो कोणी छातीठोकपणे सांगेल त्याच्यापासून चार हात लांब राहा.

माझ्या हातून झालेली चूकही सांगायला हवी. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीचा निबंध मी इतका घासूनपुसून दिला की तो माझाच झाला. ती गावच्या जत्रेतल्या मराठी नाटकांत काम करायची, छान करायची. निबंधात मी एक वाक्य घातलं होतं, रंगमंचावरच्या अंधाराबद्दल काहीतरी गहन. मुलाखतीत त्यांनी तिला नेमकं त्याच वाक्याचा अर्थ विचारला. ती गप्प बसली. नंतर माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘टीचर, ते मला कधी वाटलंच नव्हतं.’ तेव्हापासून मी मुलांच्या वाक्यांना हात लावत नाही. प्रश्न विचारते, व्याकरण दाखवते, कंटाळा आला तिथे पेन्सिलने रेघ ओढते. यंत्राकडून लिहून घेतलेल्या मजकुराचं हल्ली हेच होतंय, फक्त जास्त वेगाने. यूकासकडे जुळणारा मजकूर तपासायची व्यवस्थाही आहे, पण मला भीती तिची नाही. मला भीती त्या गप्प बसण्याची वाटते.

तर लिहायचं कसं? तुझ्या बाबतीत तीन भाषांचा गुंता आहे. घरी कोंकणी, वाचन मराठी, अर्ज इंग्रजीत. तू थेट इंग्रजीत बसलास आणि इंग्रजीत तुला आवडीबद्दल जेवढी तयार वाक्यं पाठ होती तेवढी बाहेर आली. त्यात तुझा दोष नाही, सगळ्यांचं हेच होतं. यावर माझा उपाय साधा आहे. फोनचा रेकॉर्डर चालू कर आणि त्या रात्रीची गोष्ट कोंकणीत सांग, पथकात नसलेल्या एखाद्या मित्राला सांगतोस तशी. मग ऐक. जिथे तुझा आवाज चढला, जिथे ‘थांब, हे आधी सांगायला हवं’ म्हणालास, तिथे खूण कर. तिथून सुरू कर. इंग्रजी साधं ठेव. तुझं इंग्रजी चौथ्या घरातल्या ओसरीपुरतं पुरेसं आहे.

वाचणाऱ्याला घुमट माहीत नाही, हे ध्यानात ठेव, पण त्याचा बाऊ करू नकोस. दोन वाक्यं पुरतात: मातीचं मडकं, दोन्ही बाजूंना तोंड, मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, धाकटं उघडं. उजव्या हाताने वाजवायचं, डाव्या तळव्याने मागची हवा रोखायची आणि सोडायची. बस्स. त्यापुढे ‘हजारो वर्षांची गूढ परंपरा’ आणायची गरज नाही. आरती, चवथ, शामेळ हे शब्द तसेच राहू दे, पहिल्यांदा येतील तिथे ओघात अर्थ सांग. हेच घुमट शेजारच्या ख्रिस्ती घरात मांडो या गाण्यालाही वाजतं हे तुला ठाऊक आहे, पण ते सांगायचा मोह आवर. खरं आहे, सुंदर आहे, आणि तुझ्या ६५० शब्दांत त्याचं काही काम नाही.

सुरुवात कशी दिसू शकेल याचा एक नमुना देते. नक्कल करू नकोस, मी तिथे नव्हते, त्यामुळे तपशील खोटे आहेत:

‘चौथ्या घराची पायरी चढताना मला कळलं की माझ्या घुमटाचा आवाज गेला. फुटला नव्हता, बसला होता. काकांनी न बघताच सांगितलं, कातडं बकऱ्याचं आहे. मी फोन काढला.’

इथे भावनेचा एकही शब्द नाही. पण पुढे काय झालं ते वाचावंसं वाटतं ना? ‘संगीत हा माझा श्वास’ वाचल्यावर पुढे काय येणार ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. फरक तेवढाच.

कॉमन ॲपच्या विषयांतला एक असा आहे की एखादी गोष्ट जिच्यात बुडालं की तुला वेळेचं भान राहत नाही, ती का धरून ठेवते, आणि तिच्याबद्दल अधिक जाणून घ्यायचं झालं तर तू कुणाकडे किंवा कशाकडे वळतोस. बहुतेक मुलं पहिल्या भागावर सगळे शब्द खर्च करतात आणि शेवटचा भाग विसरतात. तुझ्याकडे तर त्याचंच उत्तर भरगच्च आहे: काका, मडकं घडवणारा कुंभार, तो ॲप, आणि वाचलास तर रामन. कुंभाराकडे गेला नसशील तर जा. डिचोलीकडे अजून मातीचं काम चालतं. मडक्याची जाडी कमी-जास्त झाली तर काय होतं ते त्याला विचार. निबंधासाठी म्हणून नको जाऊस, तुला स्वतःला कळलं पाहिजे म्हणून जा. तुला जावंसं वाटलंच नाही, तर मग फिजिक्सऐवजी दुसरं काही तुझ्या मनात आहे का, हे एकदा स्वतःशी बोल. तेही चालेल. घुमट आवडतं म्हणून ध्वनीशास्त्र आवडलंच पाहिजे असा काही नियम नाही, आणि निबंधासाठी तो सांधा जबरदस्तीने जोडलास तर तो कळतो.

शिफारसपत्राचं राहिलं. आपल्याकडच्या बऱ्याच हायर सेकंडरींत समुपदेशक नसतो, ते पत्र प्राचार्य किंवा वर्गशिक्षक लिहितात आणि ‘आज्ञाधारक, वक्तशीर’ यापुढे जात नाहीत. तुझ्या फिजिक्सच्या शिक्षकांना घुमटाचं काही ठाऊक आहे का? नसेल तर त्यांना त्या दोन रेकॉर्डिंगांचे आलेख दाखव आणि वर मी विचारलेल्या शंका त्यांनाही विचार. जमलं तर शाळेच्या प्रयोगशाळेत एकदा नीट करून बघा: तेच घुमट, तीच जागा, फोन तेवढ्याच अंतरावर, एकदा कोरडं, एकदा ओल्या फडक्याखाली तासभर ठेवून. आर्द्रता मोजायचं साधं उपकरण प्रयोगशाळेत असेलच, नसेल तर ओल्या-कोरड्या थर्मामीटरने काम भागतं. ओलं करण्याआधी आणि नंतर घुमटाचं वजनही कर, म्हणजे कातड्याने पाणी किती धरलं ते कळेल आणि ताण की वजन या शंकेला निदान एक आकडा मिळेल. मडकंही थोडं पाणी पितं, ते गृहीत धरा. निकाल काहीही आला तरी शिक्षकांना तुझ्याबद्दल लिहायला काहीतरी मिळेल, जे तू स्वतः लिहिलंस तर फुशारकी वाटेल.

वेळेचं गणित आपल्याकडे नेहमी आडवं येतं. कॉमन ॲप १ ऑगस्टला उघडतं, लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. ऑक्सफर्ड-केंब्रिज मनात असेल तर यूकासला १५ ऑक्टोबर. आणि बरोबर मधे चवथ. त्या दिवसांत लॅपटॉप घेऊन खोलीत बसू नकोस, पथकाला तुझी गरज आहे. कच्चा मसुदा आधी करून ठेव, चवथ होऊ दे, मग पुन्हा वाच. यंदा काही नवं घडलं तर बदलावंही लागेल.

आणि ती दोन रेकॉर्डिंगं आजच आणखी कुठेतरी उतरवून ठेव. फोन पाण्यात पडतात, विसर्जनाच्या दिवशी तर हमखास.